वारशात आलेलं चित्र: मोलाचं की नुसतंच जुनं?

वर्षानुवर्षं भिंतीवर किंवा माळ्यावर पडून राहिलेल्या चित्राचं खरं नुकसान बऱ्याचदा ते नव्या मालकाच्या हाती आल्यावर होतं. धूळ दिसते म्हणून ओलं फडकं फिरतं, चौकट खिळखिळी वाटते म्हणून बदलली जाते, मागचा फाटका कागद टरकावून टाकला जातो. तिन्ही गोष्टींनी किंमत घटू शकते. तिसरीने तर चित्र कोणाचं हे सांगणारा एकमेव पुरावाच केराच्या टोपलीत जाऊ शकतो. त्यामुळे तपासणी संपेपर्यंत चित्र आहे तसं ठेवायचं.

पुसण्याचा मोह विशेष आवरायला हवा. तैलचित्रात रंगाखाली अस्तराचा थर असतो आणि त्याच्याही खाली, कॅनव्हासवर, बहुतेकदा प्राण्यांच्या सरसाचा हात दिलेला असतो. रंगाला पडलेल्या बारीक भेगांतून पाणी आत शिरलं की सरस फुगतो, कापड आक्रसतं आणि रंगाचे पोपडे सुटतात. कच्चा बटाटा, पावाचा गर, कांद्याची फोड, साबणाचा फेस हे सगळे उपाय आजही सांगितले जातात, आणि सगळे मागे काही ना काही सोडून जातात. रंग उजळतात म्हणून तेल चोळणं त्याहून वाईट. ते तेल काही वर्षांत तपकिरी होऊन रंगाला घट्ट धरतं आणि पुढे उतरवताना मूळ रंगही सोबत येतो. वॉर्निश पिवळं पडलंय याची काळजी करू नका. ते प्रशिक्षित संवर्धक, म्हणजे जुन्या चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणारा तज्ज्ञ, उतरवू शकतो, आणि जाणकार खरेदीदाराला कुणी न छेडलेलं चित्रच जास्त आवडतं.

चित्र उचलताना दोन्ही बाजूंना हात देऊन उभंच उचलावं. वरच्या पट्टीला धरून किंवा मागच्या तारेला लटकवून नेऊ नये. रंगाच्या बाजूला बबल रॅप थेट लावू नये, त्याचे गोल ठसे वॉर्निशवर उमटतात. कॅनव्हासच्या मागे कसलाही कोपरा टेकला तर पुढून कोंब आल्यासारखा उंचवटा दिसतो आणि पुढे तिथेच भेगा पडतात. ठेवण्यासाठी साधारण २० अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता बरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हींत सतत चढउतार नकोत. रंगाचे कण गळत असतील तर चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, पडलेले कण एका पाकिटात जमवा आणि बाकी सगळं थांबवून आधी संवर्धकाला गाठा.

कागदपत्रं आणि आठवणी

पुढचं काम चित्राशी नाही, माणसांशी आहे. ते लगेच करायचं, कारण चित्र थांबतं, माणसं थांबत नाहीत. चित्र घरात कधी आलं, कोणी आणलं, विकत घेतलं की भेट मिळालं, कुठल्या घरात कुठल्या भिंतीवर होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवून विचारलं तर सगळ्यांची आठवण पहिल्या बोलणाऱ्याच्या वळणावर जाते. मग कागद शोधा: पावत्या, पत्रं, मृत्युपत्र, विम्याच्या याद्या, प्रदर्शनाची पत्रकं. जुने फोटोही चाळा. एखाद्या समारंभाच्या फोटोत मागच्या भिंतीवर हेच चित्र दिसत असेल, तर ते त्या साली या घरात होतं याचा तो पक्का पुरावा ठरतो.

मालकीच्या या साखळीला बाजारात फार वजन आहे. तिची एक यादी करा. प्रत्येक ओळीत साल, मालक, ठिकाण आणि पुरावा. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगळ्या शाईत लिहा. 'हे एका मोठ्या चित्रकाराने आजोबांना स्वतः दिलं होतं' ही गोष्ट खरीही असू शकते, पण ती सांगणाऱ्या घरांची संख्या त्या चित्रकाराच्या चित्रांपेक्षा जास्त असते. तज्ज्ञापुढे ती 'घरात असं सांगतात' म्हणूनच मांडावी.

रंगवलेलं की छापलेलं?

हा प्रश्न अपमानास्पद वाटला तरी सगळ्यात आधी विचारायचा. १० पट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि चांगला उजेड एवढं पुरतं. चेहरा, आकाश किंवा सावली अशा हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाच्या जागा बघा. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके फुलासारख्या ठरावीक रचनेत दिसले तर ती ऑफसेट छपाई. रचना नसलेले, तुषार उडाल्यासारखे अतिसूक्ष्म ठिपके म्हणजे इंकजेट. ही छपाई कॅनव्हासवरही होते, म्हणून 'कॅनव्हासवर आहे' यावरून काहीच ठरत नाही.

फसवतात ते मधले प्रकार. कोलोटाइप छपाईत ठिपके नसतातच, सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक जाळी दिसते. जुन्या ओलिओग्राफमध्ये दगडावरून एकेक रंग छापून वर कॅनव्हासचा पोत दाबलेला आणि वॉर्निश चढवलेलं असतं, त्यामुळे चार पावलांवरून ते तैलचित्रच वाटतं. त्याची गोम अशी की उंचवटा आणि रंग एकमेकांना ओळखत नाहीत. खऱ्या चित्रात ब्रशचा फटकारा जिथे संपतो तिथेच रंगाचा काठ उभा राहतो. ओलिओग्राफमध्ये दाबलेला पोत नाक, डोळे, ढग या सगळ्यांवरून सारखाच धावत जातो. तिसरा प्रकार आजकालचा: छापील चित्रावर पारदर्शक जेलचे जाड फटकारे मारलेले असतात, कधी थोडा खरा रंगही. भिंग जाड फटकाऱ्यावर न धरता दोन फटकाऱ्यांच्या मधल्या सपाट जागेवर धरा, तिथे ठिपके सापडतील.

खोली अंधारी करून टॉर्च चित्राच्या एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. या तिरप्या उजेडात रंगाची जाडी, जुन्या फाटक्या जागांचे सांधे आणि खाली दडलेल्या आधीच्या आकृत्यांचे उंचवटे वर येतात. कडाही पाहा. कॅनव्हास लाकडावर वळवलेल्या भागात ब्रश घसरल्याच्या खुणा, रंगाचे शिंतोडे, अस्तराची असमान रेघ असणं चांगलं. चित्र त्या कडेवर सुरीने कापल्यासारखं संपत असेल तर ते एकतर छापील आहे किंवा मोठ्या चित्रातून कापलेलं.

छापील निघालं म्हणजे शून्य किंमत असंही नाही. चित्रकाराने स्वतः काढलेले एचिंग (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप) किंवा लिथोग्राफ (दगडावरून घेतलेला), मार्जिनमध्ये पेन्सिलची सही आणि १२/५० असा, म्हणजे पन्नासातला बारावा छाप सांगणारा, क्रमांक असलेले, हा वेगळा आणि कधीकधी मोठा बाजार आहे. मार्जिन मात्र कापू नका.

चित्राची पाठ

पुढची बाजू सगळेच बघतात. जाणकार माणूस चित्र हातात घेतो आणि आधी उलटं करतो. नवख्यानेही इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण पाठ वाचायला नजर तयार असावी लागत नाही, चिकाटी पुरते.

आधी लाकूड. कॅनव्हास ज्या सांगाड्यावर ताणलेला असतो, त्याच्या आतल्या कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरी आहेत का? पाचरी ठोकून ताण वाढवता येणारे सांगाडे अठराव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाले, त्याआधीचे सांगाडे पक्के जोडलेले असत. कॅनव्हास कशाने ठोकलाय तेही पाहा. स्टेपल असतील तर ताणण्याचं काम बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. पण इथे घाई नको: स्टेपलवरून कॅनव्हास कधी ताणला ते कळतं, चित्र कधी काढलं ते नाही. कडेला खिळ्यांची रिकामी भोकं असतील, आणि सांगाड्यात त्यांच्या समोर भोकंच नसतील, तर जुना कॅनव्हास नव्या लाकडावर चढवला आहे. उलटंही होतं. जुना सांगाडा मिळवून त्यावर नवं चित्र ताणणं ही बनावटगिरीतली जुनी युक्ती आहे.

ती पकडायला सोपी खूण आहे. कॅनव्हास उघड्या भागात हवा-उजेडाने काळसर होतो, पण सांगाड्याच्या पट्ट्यांमागे झाकलेला भाग तुलनेने फिकट राहतो. पाचरीच्या फटीतून किंवा पट्टीच्या कडेने डोकावलं की हा फरक दिसतो. पूर्ण कापड सारखंच तपकिरी असेल, पट्टीमागेही, तर कोणीतरी ते चहा-कॉफीत किंवा रंगात भिजवलं असण्याची शंका घ्यावी. पुढच्या बाजूलाही पट्ट्यांच्या आतल्या कडेला समांतर अशा फिकट भेगा वर्षांनी उमटतात. त्या भेगांची जागा आजच्या पट्ट्यांशी जुळत नसेल तर सांगाडा बदललेला आहे.

कॅनव्हासमागे दुसरा कॅनव्हास चिकटवलेला दिसला तर तो जुन्या दुरुस्तीचा भाग. त्याने चित्र वाचतं, पण मूळ पाठीवरचा मजकूर झाकला जातो. कधीकधी पुढून आरपार प्रकाश सोडल्यावर तो मागून पुसट वाचता येतो.

मग अक्षरं. रंगसाहित्य विकणाऱ्या दुकानांचे शिक्के कॅनव्हासवर किंवा लाकडावर असतात. लंडनची विन्सर अँड न्यूटन ही कंपनी १८३२ साली सुरू झाली. तिचा शिक्का असलेला कॅनव्हास त्याआधीचा असू शकत नाही. अशा जुन्या विक्रेत्यांचे पत्ते अधूनमधून बदलत आणि त्या बदलांच्या याद्या संशोधकांनी करून ठेवल्या आहेत, त्यामुळे शिक्क्यातल्या पत्त्यावरून काळ आणखी अरुंद करता येतो. गॅलरीच्या लेबलावर पाच आकडी अमेरिकी झिप कोड असेल तर ते लेबल १९६३ नंतरचं. पांढऱ्या किंवा निळ्या खडूने लिहिलेले आकडे बहुधा लिलावातले क्रमांक असतात. क्रिस्टीज हे लिलावघर सांगाड्यावर काळ्या शाईत स्टेन्सिलने आपला साठा-क्रमांक उमटवत आलं आहे. तो क्रमांक कळवला तर त्यांच्या दप्तरातून विक्रीची तारीख आणि तेव्हाचं नाव मिळू शकतं. चौकट बनवणाऱ्याचं लेबल मात्र चौकटीपुरतंच धरा. चौकटी चित्रांपेक्षा जास्त वेळा बदलतात.

पाठीवरचा एक आकडा काय करू शकतो याचं उत्तम उदाहरण व्हॅन गॉगच्या 'माँमाजूरचा सूर्यास्त' या निसर्गचित्राचं. १९९१ मध्ये मालकाने ते आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाला दाखवलं, तेव्हा सही नाही म्हणून ते नाकारलं गेलं. २०१३ मध्ये त्याच संग्रहालयाने ते अस्सल ठरवलं. रंगांचं विश्लेषण जुळलं, १८८८ च्या जुलैमधल्या पत्रात त्याने केलेलं या जागेचं वर्णन जुळलं, आणि पाठीवरचा १८० हा आकडा भाऊ थिओच्या संग्रहाच्या १८९० च्या यादीशी जुळला. ती पाठ कोणी 'स्वच्छ' करून ठेवली असती तर?

लेबलही खोटं असू शकतं, हे जोडीला लक्षात ठेवावं. जर्मनीत गाजलेल्या वोल्फगांग बेल्ट्राकीच्या बनावट चित्रांच्या मागे फ्लेक्टहाइम या जुन्या जर्मन कलाविक्रेत्याच्या नावाची, 'फ्लेक्टहाइम संग्रह' अशी जुनाट दिसणारी लेबलं होती. तीही घरीच तयार केलेली.

सही आणि वॉर्निश

सहीला लोक फार मान देतात. सही ही चित्रातली नक्कल करायला सगळ्यात सोपी जागा आहे. ती भिंगाखाली पाहा. सहीचा रंग भेगांवरून जात असेल, म्हणजे भेगेत उतरून साचला असेल, तर भेगा आधी पडल्या आणि सही नंतर झाली. खऱ्या सहीत भेग रंगासकट अक्षराला चिरत जाते. अक्षरांचा वेगही बघा. रोजची सही करणारा हात वळणांवर अडखळत नाही. बघून काढलेल्या सहीत रेघ कापते किंवा मध्येच उचलून पुन्हा टेकते. स्पेलिंग तर वाचायचंच. न्यूयॉर्कची नोडलर गॅलरी २०११ मध्ये बंद झाली. तिने बनावट चित्रं विकल्याच्या प्रकरणात अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या नावावरच्या एका चित्राच्या सहीत आडनावातलं 'सी' अक्षरच गळलेलं होतं.

३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च सहज मिळते आणि ती घ्यावीच. पूर्ण अंधारात डोळे दोन मिनिटं सरावू द्या, टॉर्च डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट-पिवळं धुकं पसरल्यासारखं चमकतं. त्यावर नंतर लावलेला रंग गडद जांभळट-काळ्या डागांसारखा उठून दिसतो. या डागांवरून दुरुस्ती किती आणि कुठे झाली ते कळतं. आकाशातले दोन-चार डाग ठीक, पण चेहरा आणि हात डागाळलेले असतील तर किंमत खाली येते. सही स्वतःच त्या धुक्यावर काळी तरंगताना दिसली तर ती वॉर्निशनंतर केलेली आहे. कागद किंवा कापड भगभगीत निळंपांढरं चमकलं तर त्यात चकाकी आणणारी आधुनिक रसायनं आहेत, जी विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास वापरात आली. एक पळवाट माहीत असू द्या: काही नवी वॉर्निशं अतिनील प्रकाश अडवतात आणि सगळं एकसारखं दाखवतात. काहीच दिसलं नाही म्हणजे दुरुस्ती नाही असं समजू नये.

सही नसणं हा शेवट नाही. जुन्या काळातली असंख्य चित्रं बिनसहीचीच आहेत. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या कॉम्पिएन्य गावात एका बाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगलेली छोटी फळी चिमाबुए या तेराव्या शतकातल्या चित्रकाराची निघाली आणि २.४ कोटी युरोंना गेली. तिच्यावर सही नव्हती. लाकडात किड्यांनी पाडलेल्या भोकांच्या वाटा आधीच माहीत असलेल्या दोन फळ्यांशी जुळल्या, म्हणजे तिन्ही एकाच मोठ्या फळीतून कापलेल्या.

रंगांची जन्मसालं

साहित्याचं वय चित्र नाकारायला कामी येतं, सिद्ध करायला नाही. १८५० सालचे रंग आणि १८५० सालचा कॅनव्हास असलेलं चित्र १८५० सालच्या कुठल्याही सामान्य हाताचं असू शकतं. पण १८५० सालच्या चित्रात १९३५ चा रंग निघाला की विषय संपला. काही सालं ध्यानात ठेवण्यासारखी: प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये, कृत्रिम अल्ट्रामरिन १८२८ च्या सुमारास, दाबून रंग काढायची धातूची नळी १८४१, विरिडियन हिरव्याचं पेटंट १८५९, टायटॅनियम पांढरा चित्रकारांच्या हाती १९२० च्या सुमारास, थॅलो निळा १९३५, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात.

वर आलेला बेल्ट्राकी इथेच सापडला. १९१४ सालचं, काम्पेनडोंक या जर्मन चित्रकाराचं म्हणून २००६ मध्ये सुमारे २८.८ लाख युरोंना विकलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला. जस्ताच्या पांढऱ्याच्या तयार नळीत तो मिसळलेला होता आणि लेबलावर त्याचा उल्लेख नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

ही तपासणी घरी होत नाही. रंग खरवडून कोणाला पाठवू नका, कापसाला स्पिरिट लावून घासू नका. एक्स-रे फ्लुरोसन्सच्या यंत्राने चित्राला स्पर्श न करता मूलद्रव्यं कळतात, अवरक्त छायाचित्रणाने खालची रेखाटनं दिसतात. दोन्ही खर्चिक आहेत आणि चित्र मोठ्या नावाचं असण्याची ठोस शक्यता असेल तेव्हाच करावीत. कागदावरच्या चित्रासाठी मात्र एक फुकटची चाचणी आहे: कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधायचं. काही जुन्या कागदांत गिरणीच्या नावासोबत सालही असतं. चित्र त्या सालाच्या आधीचं असू शकत नाही, नंतरचं खुशाल असू शकतं.

चित्रकाराचा शोध

आता फोटो काढा. पूर्ण पुढची बाजू, पूर्ण पाठ, सही, प्रत्येक लेबल आणि शिक्का, चारही कोपरे, नुकसानीच्या जागा आणि तिरप्या उजेडातला एक. फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राला समांतर, उजेड दोन्ही बाजूंनी. माप चौकटीशिवाय, सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, कारण सगळ्या नोंदी याच क्रमाने असतात.

सही वाचता येत नसेल तर पहिलं आणि शेवटचं अक्षर पक्कं करून मधल्या अक्षरांचे पर्याय करून बघा. इंटरनेटवर फोटोवरून शोध घेण्याच्या सोयीत (रिव्हर्स इमेज सर्च) चित्र टाकून पाहा: बऱ्याचदा तुमचं चित्र म्हणजे एखाद्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध चित्राची नक्कल आहे हे दोन मिनिटांत कळतं. चित्रकारांची नावं, जन्म-मृत्यू आणि नावांची वेगवेगळी रूपं गेटी संस्थेच्या कलावंतांच्या नामसूचीत मोफत पाहता येतात. हेगमधल्या आरकेडी या संस्थेची प्रतिमासूची डच आणि फ्लेमिश चित्रांसाठी अतिशय चांगली आहे.

नाव सापडलं की त्या चित्रकाराचा 'कॅटलॉग रेझोने' आहे का ते बघा, म्हणजे त्याच्या सगळ्या ज्ञात कामांची अभ्यासकांनी केलेली सूची. सूचीत 'ठावठिकाणा अज्ञात' अशा नोंदी असतात. तुमच्या चित्राचं माप आणि विषय तिथल्या एखाद्या नोंदीशी जुळला तर मात्र लगेच मोठ्या लिलावघराच्या त्या विभागाला लिहा.

आणखी एक शक्यता सरळ मान्य करावी. पॅरिसचे पावसाळी रस्ते, बंदरातल्या होड्या, फुलदाण्या अशी जाड रंगाची चित्रं कारखान्यासारख्या कार्यशाळांत हजारोंनी काढली गेली आहेत, सही एका अस्तित्वात नसलेल्या नावाची. ती हाताने रंगवलेली असतात, खरोखरची तैलचित्रं असतात, आणि सजावटीपलीकडे त्यांना बाजार नसतो. त्या नावाचं चरित्र कुठेही मिळत नाही, पण तसल्या डझनभर चित्रांच्या विक्रीच्या जाहिराती मिळतात, ही त्यांची खूण.

लिलावाच्या यादीतली भाषा

किमती शोधण्याआधी ही भाषा यायलाच हवी, नाहीतर भलत्याच चित्राशी तुलना होते. चित्रकाराचं नुसतं पूर्ण नाव छापलं असेल तर लिलावघराच्या मते ते त्याचंच काम. 'त्याचं मानलेलं' म्हणजे बहुधा त्याचं, पण खात्री नाही. 'त्याच्या कार्यशाळेतलं' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेलं. 'त्याच्या वर्तुळातलं' म्हणजे समकालीन, ओळखीच्या हाताचं. 'अनुयायाचं' म्हणजे त्याच्या धाटणीत, कदाचित त्याच्या मागून. 'त्याच्या शैलीत' म्हणजे पुष्कळ नंतरचं. 'त्याच्यावरून' म्हणजे सरळ नक्कल. तसंच 'सही केलेलं' आणि 'सही असलेलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ, सही दिसते पण ती त्याची आहे असं आम्ही म्हणत नाही.

या पायऱ्यांची किंमत काय असते? 'साल्व्हातोर मुंदी' हे चित्र १९५८ मध्ये लंडनच्या लिलावात ४५ पौंडांना गेलं, तेव्हा ते लिओनार्दोचं समजलं जात नव्हतं. लिओनार्दोचं नाव लागल्यावर २०१७ मध्ये त्याला ४५ कोटी डॉलर आले. त्या नावाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. मधली दुरुस्ती सोडली तर चित्र तेच.

किंमत काढणं

मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ऑनलाइन दुकानात एखादं चित्र तीन वर्षं त्याच आकड्यावर पडून असेल, तर त्या आकड्याला कोणी घेत नाही एवढंच कळतं. झालेल्या विक्रीच्या नोंदी शोधा. आर्टनेट, म्युच्युअलआर्ट, इनव्हॅल्युएबल अशा संकेतस्थळांवर त्या मिळतात, काही पैसे भरून. तुलना करताना माध्यम, माप, काळ, विषय आणि अवस्था या पाचही गोष्टी जवळपास असाव्यात. एकाच चित्रकाराचं तैलचित्र आणि कागदावरचं रेखाटन यांत दहापट फरक सहज पडतो. बहराच्या वर्षांतलं आणि म्हातारपणी स्वतःचीच नक्कल करत काढलेलं यांतही पडतो. गेल्या पाच वर्षांतल्या किमान सहा-सात विक्री घ्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची बाजूला ठेवा. न विकल्या गेलेल्या नोंदीही मोजा. वीसपैकी बारा वेळा चित्र परत गेलं असेल तर उरलेल्या आठ आकड्यांवर फार विसंबू नका.

नोंदीतला आकडा हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आहे, की खरेदीदार लिलावघराला वर देतो त्या अधिभारासह, ते तपासा. मोठ्या लिलावघरांत हा अधिभार बहुधा २० टक्क्यांच्या पुढे असतो आणि तो विकणाऱ्याला मिळत नाही. विकणाऱ्याच्या वाट्याच्या हातोड्याच्या रकमेतूनही दलाली, विमा, फोटो आणि वाहतूक वजा होऊ शकते.

विम्यासाठीचं मूल्य आणि विक्रीचं मूल्य हे दोन वेगळे आकडे आहेत. विम्याचा आकडा तसंच चित्र दुकानातून पुन्हा घ्यायला किती लागेल यावर ठरतो, म्हणून तो बराच मोठा दिसतो. घरातल्या जुन्या विम्याच्या कागदावरचा आकडा बघून वाटणीची भांडणं सुरू होतात, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. वाटणीसाठी खुल्या बाजारातलं मूल्य लागतं. मूल्यांकन मागतानाच ते कशासाठी हवंय हे लेखी सांगा.

कोणाला विचारायचं

चित्र कोणाचं हे सांगणारा आणि त्याची किंमत किती हे सांगणारा, ही वेगवेगळी माणसं असतात. पहिला त्या चित्रकाराचा अभ्यासक, दुसरा मूल्यांकनकार. सोदबीज, क्रिस्टीज, बॉनहॅम्स यांसारखी लिलावघरं फोटोवरून प्राथमिक अंदाज विनामूल्य देतात. तिथून सुरुवात करावी, पण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारावं. त्यांनी नाही म्हटलं तर चित्र खोटं असं होत नाही. त्यांच्या विक्रीच्या पातळीत ते बसत नाही इतकाच अर्थ असू शकतो, मग लहान लिलावघराकडे जा. संग्रहालयं चित्राबद्दल कधी मत देतात, पण किंमत सांगत नाहीत.

पैसे देऊन मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर फी तासावर किंवा कामावर ठरलेली असावी. मूल्याच्या टक्क्यांवर फी मागणारा आकडा फुगवणार. मूल्यांकन करून लगेच 'मीच घेतो' म्हणणारा आकडा पाडणार. दोघांनाही नमस्कार करून निघावं. अहवालात फोटो, माप, माध्यम, अवस्था, तुलनेला घेतलेल्या विक्री, तारीख आणि मूल्याचा प्रकार नसेल तर तो अहवाल नाही.

प्रमाणपत्र देणारी मंडळं मोठ्या नावांच्या बाबतीत नेहमी असतीलच असं नाही. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलच्या कामांवर मत देणारं मंडळ खटल्यांच्या खर्चाला कंटाळून २०१२ मध्ये बंद झालं. अशा ठिकाणी मालकीची साखळी आणि जुन्या प्रदर्शनांच्या नोंदी यांवरच सगळं अवलंबून राहतं. उलट, ज्याच्या प्रमाणपत्राला कोणतंच लिलावघर ओळखत नाही असा सोनेरी शिक्क्याचा कागद कितीही जाड असला तरी निरुपयोगी. आधी लिलावघराला विचारा, 'या चित्रकारासाठी तुम्ही कोणाचं मत मानता?' आणि त्याच व्यक्तीकडे जा.

विकण्याआधी

चित्र चोरीला गेलेल्यांच्या यादीत नाही ना, हे पाहा. इंटरपोलचं आयडी-आर्ट हे मोबाइल ॲप २०२१ पासून मोफत आहे. आर्ट लॉस रजिस्टर फी घेऊन शोध घेतं आणि दाखला देतं. चित्र १९३३ ते १९४५ या काळात युरोपात होतं आणि त्या वर्षांतल्या मालकांचा पत्ता लागत नाही, अशी साखळी असेल तर ती उघडपणे मांडा. नाझी राजवटीत हिसकावलेल्या चित्रांबाबत १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ठरलेल्या तत्त्वांनंतर बाजार हा प्रश्न विचारतोच. बऱ्याच देशांत ठरावीक वयाची चित्रं परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशी लिलावाला होकार देण्याआधी आपल्या देशाचा नियम वाचावा. भावंडांची नावं वारसांत असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्यावी.

लिलावात राखीव किंमत ठरते, त्याखाली चित्र विकलं जात नाही. ती सहसा अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर ठेवत नाहीत. राखीव किंमत चढी ठेवण्याचा हट्ट महागात पडतो, कारण परत गेलेलं चित्र नोंदीत दिसत राहतं आणि काही वर्षं खरेदीदार त्याच्याकडे संशयाने बघतात. करारात न विकलं गेल्यास किती शुल्क लागेल, चित्र परत आणायचा खर्च कोणाचा आणि पैसे किती दिवसांत मिळतील, या तीन ओळी शोधून वाचा.

विकण्याआधी साफसफाई करून घेऊ का, असा प्रश्न हमखास येतो. लिलावघराचं मत घेतल्याशिवाय नको. संवर्धकाचा खर्च कधीकधी चित्राच्या पूर्ण किमतीपेक्षा जास्त होतो.

आणि चित्र घरीच ठेवायचं ठरलं, मग ते लाखमोलाचं निघो वा बिनमोलाचं, तर बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर, चुलीच्या वर किंवा थेट उन्हात टांगू नका. तैलचित्रावर साधारण २०० लक्सपर्यंतचा (लक्स हे उजेडाचं माप) उजेड चालतो, जलरंगावर ५०. जलरंग काचेमागे असेल तर कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी, आणि तो माउंट आम्लमुक्त हवा. जुन्या माउंटच्या तिरक्या कापलेल्या कडेला तपकिरी रेघ दिसत असेल तर तो आजच बदलायला द्या, पण त्यावर पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तो तुकडा पाकिटात घालून चित्रासोबत ठेवा.